वारा, किल्ट आणि बघे

मराठीत स्कॉटलंडवर लिहिलेले काहीही वाचायला घेतले की एक परिच्छेद हमखास येतो, आणि तो येणार हे आम्हांला आधीच्या पानावरच कळू लागते. लेखक एडिंबरोच्या किल्ल्याकडे चढत असतो, वाटेत कुणी बॅगपाइप वाजवीत उभा असतो, वारा सुटलेला असतो. आणि मग तो सुप्रसिद्ध प्रश्न येतो, अर्धा विचारलेला, अर्धा गिळलेला, पुढे उद्गारचिन्ह. तोवर किल्ल्याचा इतिहास, हवामान, खाणावळींचे दर वगैरे गोष्टी प्रौढपणे सांगणारा हा गृहस्थ त्या एका परिच्छेदापुरता शाळकरी होतो. वाचकानेही त्याच्याबरोबर फिस्कन हसावे अशी अपेक्षा असते. आम्हांला हसू येत नाही. विनोदाचे आम्हांला वावडे नाही. हा विनोद आळशी आहे आणि ज्या गोष्टीवर तो केला जातो ती गोष्ट तो पाहतच नाही, एवढी साधी आमची तक्रार आहे.

या लेखकाचा एक विद्यापीठीय भाऊही आहे. तो हसत नाही, तो स्मित करतो. किल्टचे नाव निघाले की ‘ती तर रचलेली परंपरा’ असे म्हणून तो पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ साली संपादित केलेल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या ग्रंथात ह्यू ट्रेव्हर-रोपर यांचा जो लेख आहे, त्याची ही पुण्याई. एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत हे उदाहरण इतके मुरले आहे की मूळ लेख न वाचताही ते लिहिता येते, आणि लिहिले जातेच. एक भाऊ वाऱ्याने किल्ट उडण्याची वाट पाहतो, दुसरा सिद्धान्ताने तो उडवतो. खाली काय आहे हे पाहण्याची ओढ दोघांची सारखीच. किल्ट कसा शिवला आहे याकडे मात्र दोघांचेही लक्ष नाही.

म्हणून आधी शिवण. आणि शिवणीच्याही आधी क्रियापद.

इंग्रजीत सगळ्या कपड्यांना एकच क्रियापद पुरते. मराठीत तसे नाही. आपण धोतर, लुगडे, लुंगी नेसतो आणि सदरा, विजार, कोट घालतो. जे कापड शरीराभोवती दर वेळी नव्याने रचावे लागते ते नेसायचे. ज्याला शिंप्याने आकार देऊन ठेवला आहे ते घालायचे. आता किल्ट नेसतात की घालतात? आमच्या वाचनात दोन्ही प्रयोग आले आहेत आणि दोन्ही बहुधा निष्काळजीपणाने झालेले आहेत. पण गंमत अशी की दोन्ही खरे आहेत, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर म्हणजेच किल्टचा इतिहास आहे. ज्या एका क्रियापदात इंग्रज इतिहासकाराला हा फरक मांडता येत नाही, त्यासाठी आपल्या भाषेने दोन क्रियापदे तयार ठेवली आहेत. आणि आपण ती सोडून उद्गारचिन्ह वापरतो.

जुना हायलंडर जे नेसत असे त्याचे गेलिक नाव फेला मोर, म्हणजे मोठे गुंडाळवस्त्र. साडेचार-पाच वार लांब आणि सुमारे दीड वार रुंद असे लोकरीचे अखंड कापड. शिवण असलीच तर दोन पट्टे जोडण्यापुरती. पट्टा जमिनीवर पसरायचा, त्यावर कापड, कापडाला हाताने निऱ्या घालायच्या, त्यावर आडवे होऊन दोन्ही टोके अंगावर ओढायची आणि पट्टा आवळून उठायचे. कमरेखाली जे राहिले ते गुडघ्यापर्यंत, आणि कमरेवर जे उरले ते खांद्यावर टाकायचे, पाठीवर सोडायचे, पाऊस आला की डोक्यावर घ्यायचे. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. निऱ्या शब्द आम्ही मुद्दाम वापरला. चुण्या नंतर आल्या. वाऱ्याचा विचार केला तर या वस्त्राचा अर्धा भाग वाऱ्यासाठीच होता. ज्या प्रदेशात केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी २७८ किलोमीटर वेगाच्या झोताची नोंद झाली (तिथे किल्टचे सोडा, माणूसही उभा राहणार नाही), त्या प्रदेशातल्या माणसांनी शतकानुशतके वाऱ्याला अडाणी राहून कपडा निवडला असेल ही कल्पना फक्त पर्यटकालाच सुचू शकते.

पुढे वरचा अर्धा भाग गेला आणि खालचा उरला: फेला बेग, लहान वस्त्र. सुरुवातीला तेही नेसायचेच होते. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निऱ्या दोऱ्याने कायमच्या पक्क्या झाल्या, त्यांच्या चुण्या झाल्या, आणि नेसण्याची गोष्ट घालण्याची झाली. आज चांगला किल्ट आठ वारी असतो. नऊवारी आणि सहावारी यांच्या दरम्यान वाढलेल्या वाचकाला यात परके वाटण्याचे कारण नाही. सोळा औंसी लोकर घेतली तर कापडाचेच वजन पावणेदोन किलोंच्या पुढे जाते. या वजनाचा बराचसा भाग मागे, चुण्यांत. चुण्या कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून दाबलेल्या आणि तिथून खाली मोकळ्या. पुढच्या बाजूला चुण्या नाहीत. तिथे एकावर एक असे दोन सपाट पदर येतात आणि ते कमरेच्या दोन्ही अंगांना पट्ट्या-बकलांनी बांधले जातात. त्यावर साखळीने अडकवलेली चामड्याची थैली, स्पोरन, पुढचा भाग दाबून धरते. कडेला खाली जी टाचणी दिसते ती फक्त वरच्या पदरातून घालतात. नवखे लोक ती वाऱ्याच्या भीतीने दोन्ही पदरांतून घालतात; मग एक पाऊल लांब पडले की कापड फाटते. ज्याला बांधून ठेवणे असे वाटते ते नुसते वजन असते. हे कळायला किल्ट हातात घ्यावा लागतो.

असा किल्ट साध्या वाऱ्याने उडत नाही. झुलतो, आपटतो, पोटऱ्यांच्या वर मागे चिकटतो. जो उडतो तो वेगळाच: कृत्रिम धाग्याचा, कमी वारांचा, लग्नापुरता भाड्याने आणलेला किंवा रॉयल माइलवरच्या दुकानातून आठवण म्हणून घेतलेला. म्हणजे आपला प्रवासी ज्या दृश्याला ‘स्कॉटिश पुरुषाची गंमत’ समजतो ते पुष्कळदा फक्त स्वस्त कापडाचे दृश्य असते. वजनदार लोकर परवडणाऱ्याची अब्रू वारा राखतो आणि न परवडणाऱ्याची घेतो. या विनोदात वर्ग आहे हे आमच्या मार्क्सवादी मित्रांच्याही ध्यानात आलेले दिसत नाही.

आता वाऱ्याची दुसरी गोष्ट. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट फौज उभी होती तेव्हा वारा आणि गारठलेला पाऊस तिच्या तोंडावर येत होता; तोफा सुरू झाल्यावर धूरही तिच्याच डोळ्यांत गेला. लढाई तासाभरात संपली. त्याच वर्षी कायदा झाला आणि १ ऑगस्ट १७४७पासून हायलंडमधल्या पुरुषांना आणि मुलांना किल्ट, प्लेड, टार्टनचा कोट वापरण्याची बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला जामिनाविना सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे सागरपार हद्दपारी. १७८२पर्यंत हा कायदा राहिला. अपवाद एकच: राजाच्या सैन्यात भरती होणारा. पस्तीस वर्षे या मुलखातल्या पुरुषाला आपल्या बापाचा पोशाख उजळ माथ्याने करायचा तर त्याने बापाला हरवणाऱ्या सैन्यात नाव घालायचे, अशी ही योजना. त्या योजनेतून उभ्या राहिलेल्या पलटणी मग साम्राज्यभर गेल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर ७४ आणि ७८ या क्रमांकांच्या हायलंडर पलटणी होत्या. किल्टचा आपल्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. १८५७मध्ये उत्तर हिंदुस्थानात लोक हायलंडर सैनिकांना ‘घागरा पलटण’ म्हणत. ते हसणे मात्र आम्ही वेगळे ठेवतो. दारात संगीन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला घागरा नेसवणे ही हरणाऱ्याच्या हाती उरलेली एकमेव शिक्षा असते. दीडशे वर्षांनी विमानाने जाऊन, तिकीट काढून, तेच हसणे पुन्हा हसण्यात ती धार राहत नाही.

साम्राज्यानेही हा विनोद आपल्या सोयीने वापरला. १९६८ साली निघालेला ‘कॅरी ऑन अप द खैबर’ हा इंग्रजी प्रहसनपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचे कथानक आठवत असेल: सरहद्दीवरची टोळकी हायलंडर पलटणीला भितात, कारण ते किल्टखाली काही घालत नाहीत, एका शिपायाच्या अंगावर चड्डी सापडते आणि साम्राज्याचा दरारा संपुष्टात येतो, शेवटी पलटण रांगेत उभी राहून किल्ट वर करते आणि शत्रू पळतो. चित्रपट साम्राज्याची थट्टा करतो असे म्हणतात, आणि थोडी करतोही. पण या थट्टेत एतद्देशीय माणूस मूर्ख तो मूर्खच राहतो, आणि हायलंडरचे शरीर हे लंडनच्या राज्याचे हत्यार तेही तसेच राहते. खाली काही नसणे हे पौरुषाचे प्रमाणपत्र, असे ठरवले कोणी? २०१० साली स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीच्या संचालकांनी ही प्रथा बालिश आणि अस्वच्छ असल्याचे जाहीरपणे म्हटले तेव्हा त्यांच्यावरच लोक रागावले. हायलंड नृत्याच्या स्पर्धांत नियमाने अंतर्वस्त्र लागते, गडद किंवा टार्टनशी मिळत्या रंगाचे. उड्या मारणाऱ्याला वाऱ्याचे तत्त्वज्ञान परवडत नाही.

१९९७ साली हाँगकाँग चीनच्या हवाली होणार होते तेव्हाचे एक छायाचित्र जगभर छापले गेले. ब्लॅक वॉच पलटणीचा एक शिपाई समारंभात शिस्तीने उभा आहे, मागून वारा आला आहे, किल्ट पाठीवर गेला आहे. दीडशे वर्षांच्या वसाहतीच्या अखेरीचे चित्र म्हणून लोकांनी काय लक्षात ठेवले, तर हे. त्यावर आजवर पुष्कळ चावट मथळे झाले. आम्हांला त्या चित्रात सर्वांत आधी दिसतात ते त्या शिपायाचे हात. ते मोकळे नाहीत. रस्त्यावरचा कोणताही किल्टधारी माणूस झोत आला की सवयीने हात मागे नेतो, चुण्या दाबतो, पुढे चालू लागतो. लुगड्याचा पदर सावरणाऱ्या बाईच्या हाताइतकी ती हालचाल नकळत असते. बॅगपाइप वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, कवायतीतल्या शिपायाचे हुकमाने बांधलेले असतात. उडालेला किल्ट बहुतेक वेळा अशाच माणसाचा असतो, ज्याचे हात दुसऱ्या कुणाच्या तरी कामात आहेत. तो प्रसंग त्यामुळेच फोटोत सापडतो.

ट्रेव्हर-रोपर यांच्याकडे वळतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की लहान किल्ट हा हायलंडचा प्राचीन पोशाख नसून १७२०च्या दशकात टॉमस रॉलिन्सन या लँकेशायरच्या क्वेकर कारखानदाराने, ग्लेनगॅरीच्या जंगलात लोखंडाची भट्टी चालवताना, आपल्या मजुरांसाठी तो काढला. कारण झाडे तोडताना आणि भट्टीजवळ वावरताना मोठे वस्त्र अडचणीचे होत होते. या कथेचा मुख्य आधार १७६८मध्ये लिहिलेले आणि १७८५मध्ये छापलेले एक पत्र आहे आणि तिच्यावर नंतर पुष्कळ आक्षेपही घेतले गेले. पण ती जशीच्या तशी खरी मानू. तिने सिद्ध काय झाले? ओले, जड कापड अंगावर वागवत लाकूड तोडणाऱ्या माणसांनी त्याचा वरचा भाग बाजूला केला. कामकऱ्याने कपड्याची सोय पाहिली. यात फसवणूक कुठे आहे? आपल्याकडे नऊवारीचे सहावारी झाले तेव्हा कुणी इतिहासकाराने सहावारीला बनावट ठरवले नाही. शोध इंग्रजाने लावला म्हणून वस्त्र खोटे, हा युक्तिवाद मान्य करायचा तर हार्मोनियम वाजवणाऱ्या प्रत्येक कीर्तनकाराला खाली बसवावे लागेल. (१९८३च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ज्या वर्षी हा लेख ग्रंथात आला त्याच वर्षी, याच विद्वानांनी हिटलरच्या बनावट रोजनिशा अस्सल म्हणून ग्राह्य धरल्या होत्या. नियतीलाही कधीकधी प्रहसन सुचते.)

ट्रेव्हर-रोपर जिथे बरोबर आहेत तिथे ते बरोबरच आहेत. ऑगस्ट १८२२मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, वॉल्टर स्कॉटने सगळ्या सोहळ्याची मांडणी केली, आणि राजाने आखूड किल्टखाली अंगाच्या रंगाची गुलाबी विजार घालून दर्शन दिले. पुढे डेव्हिड विल्कीने त्याचे चित्र काढताना ती विजार गाळली. त्या सोहळ्यात सरदार मंडळी टार्टन मिरवत होती. त्याच दशकांत त्यांच्यापैकी कित्येक जण मेंढ्यांसाठी आपल्याच कुळांना जमिनीवरून हुसकावत होते. ग्लेनगॅरीच्या मॅक्डोनेलने १८१५मध्ये ‘खऱ्या हायलंडरां’ची संस्था काढली आणि दुसरीकडे आपल्या रयतेला उठवले. हे ढोंग सांगायलाच हवे. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा स्कॉटच्या नावाशिवाय पुरी न करणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी तर विशेषच सांगायला हवे. पण या ढोंगाचा जाब राजाला, सरदाराला आणि स्कॉटला विचारा. तो जाब भट्टीवरच्या मजुराच्या किल्टला विचारण्यात विद्वत्तेची दिशा चुकते. टॉम नेर्नने १९७७मध्ये टार्टनच्या बाजाराला राक्षस म्हटले तेव्हा त्याचा रोख विकणाऱ्यांवर होता. आमच्या वर्गांत ‘रचलेली परंपरा’ म्हणताना हा भेद राहत नाही; सगळेच एका फुंकरीत उडवले जाते.

यावर कुणी म्हणेल की स्कॉट लोक स्वतःच हा विनोद करतात, मग तुम्हांला का झोंबते? करतात खरे. अँडी स्टुअर्टचे १९६०चे ‘डोनाल्ड, व्हेअर्स युअर ट्रूझर्स?’ हे गाणे वारा आणि किल्ट यांवरच आहे आणि ते गाणारा स्कॉटच होता. पण त्या गाण्यातला डोनाल्ड स्काय बेटावरून आलेला बुजरा पोरगा आहे, आणि विजारीची चौकशी करणारे इतर आहेत, हे शीर्षकातच दिसते. ज्याला रोज तोच प्रश्न ऐकावा लागतो त्याने त्याचे गाणे करून टाकणे समजण्यासारखे आहे. विचारणाऱ्याला त्यातून परवाना मिळतो असे मात्र नाही.

आणि परवाना घेतला जातो. इन्व्हर्नेसमधल्या एका मद्यगृहाने २०१७ साली आपल्या पुरुष नोकरांना किल्ट घालणे बंद करू दिले, कारण गिऱ्हाईक बायका पेले गोळा करणाऱ्या, हात गुंतलेल्या पोरांचे किल्ट वर करून ‘तपासणी’ करीत. ही बातमीही पुष्कळ ठिकाणी हसत हसत छापली गेली. इथे वारा नव्हता. वाऱ्याचे काम हाताने केले, एवढेच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ साली वस्त्राखाली कॅमेरा घालून चित्रे काढण्याविरुद्ध कायदा झाला, त्यात पीडित स्त्री की पुरुष असा भेद केलेला नाही. कायद्याला जे समजले ते प्रवासवर्णनाला समजायला हवे होते.

आपल्या कवितेने आणि चित्रपटगीतांनी वाऱ्यावर उडणाऱ्या पदराचे इतके लाड केले आहेत की त्यात बाईची अडचण होते हे सांगायला एखादी बाईच लिहिती व्हावी लागली. मेरिलिन मन्रोचा १९५४मध्ये चित्रित झालेला झग्याचा प्रसंग जगाने कामनेचे चिन्ह म्हणून जपला. बाईचे वस्त्र उडाले की कविता, पुरुषाचे उडाले की विनोद. दोन्हीकडे वस्त्राच्या मालकाचे मत कुणी विचारीत नाही. स्त्रीवादी समीक्षेने पहिल्या निम्म्याचा हिशेब चोख मांडला. दुसऱ्या निम्म्याकडे ‘पुरुषांचे काय बिघडते’ म्हणून पाहिले जाते, आणि तिथे तीच जुनी नजर बिनबोभाट नांदते.

राहता राहिला अनुवादकांचा प्रश्न. किल्टला घागरा, परकर किंवा स्कर्ट म्हणणे थांबवावे. शब्द मराठीत कधीच रुळला आहे, तो तसाच ठेवावा. फेला मोर जिथे येईल तिथे हायलंडर तो नेसतो, त्याला निऱ्या घालतो, पट्टा आवळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीनंतरचा किल्ट घालावा, त्याला चुण्या असाव्यात. संक्रमणाच्या मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांसाठी प्रसंग पाहून ठरवावे. भट्टीवरचा मजूर आम्ही तरी नेसलेलाच ठेवू. चौथ्या जॉर्जने मात्र १८२२मध्ये निःसंशय घातला होता, विजारीसकट.